आपली वाट, आपली माणसं – लेखांक ६ : रमाबाईंची निवड

पंडिता रमाबाईंना शिव्या दोन्हीकडून मिळाल्या. हिंदू समाजाने त्यांना धर्मबुडवी ठरवलं हे आपण शाळेपासून ऐकतो. ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या नव्या धर्मबांधवांनाही त्या तितक्याच जड गेल्या, ही बाजू मात्र फारशी सांगितली जात नाही.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. वय पंचवीस, नवरा वर्षापूर्वी वारलेला, सोबत दोन वर्षांची मनोरमा. वाँटेज गावातल्या जोगिणींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच सप्टेंबरात मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पण जेवणाच्या टेबलावर त्या शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही त्यांना चालेना. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात जातीचा जुना ताठा दिसला. पुढे क्रूसाचा प्रश्न निघाला. मठाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंनी ती नाकारली आणि संस्कृत मागितली. आपल्या देशातल्या बायकांना लॅटिन परकीच, मग ती गळ्यात का बाळगायची, हा त्यांचा साधा सवाल होता.

पुढे इंग्लंडातच चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. मायदेशी त्याने नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. आश्चर्य याचं वाटतं, की हीच बाई तोवर कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभा गाजवून आली होती, आणि ‘पंडिता’ ही पदवी तिला कलकत्त्याच्या विद्वानांनीच दिली होती! एका पुरोहितवर्गाचं जोखड महत्प्रयासाने उतरवल्यावर लगेच दुसरं मानेवर घ्यायचं नाही, असं त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं.

या ताठ कण्याचं मूळ घरात होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून बायकोला संस्कृत शिकवलं, तिने लेकीला.

मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. तिथल्या विधवांना आपापले सोवळ्याचे आणि खाण्यापिण्याचे नियम पाळायची मोकळीक होती. पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या. रमाबाई स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडं ठेवून करत, आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. सदन पुण्याला आल्यावर, १८९३ मध्ये, यावरून वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर हे सुधारक सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची धास्ती निव्वळ कर्मठपणाची नव्हती. निराधार मुलीला छप्पर देणाऱ्या बाईचा शब्द तिच्यावर केवढा चालतो, हे विचारणं रास्तच होतं. तरी उघड्या दाराबद्दल रमाबाईंना दोष देणं पटत नाही. मुलींना त्यांच्या देवासाठी मोकळीक देणाऱ्या बाईने स्वतःचा देव तेवढा कडीकुलपात ठेवायचा?

त्यांची निवड एकदा होऊन थांबलीही नाही. केडगावला स्वतःच उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतलं. क्रूसावर संस्कृत मागणाऱ्या याच रमाबाई आता संस्कृत धर्मग्रंथांतून आलेले शब्द कटाक्षाने टाळत होत्या. अल्पशिक्षित बाईला सहज वाचता येईल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तोवर हे काम त्यांनी सोडलं नव्हतं.

(पुढील आठवड्यात : रखमाबाईंचा खटला)