पाणी ४१ फुटांवर, कामं किती उरली?

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळी पहिला प्रश्न असतो, पाणी किती? उत्तर राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचं. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. पंचगंगा पात्राबाहेर पडली, राधानगरी धरणाच्या ७ स्वयंचलित दरवाजांपैकी इतके उघडले, अमुक बंधारे पाण्याखाली गेले, या बातम्यांवर पेठांमधली माणसं आपापला हिशेब करतात. सुतारवाड्याचा आकडा वेगळा, शाहूपुरी कुंभार गल्लीचा वेगळा, नदीपलीकडच्या चिखली-आंबेवाडीचा तर आणखी वेगळा. प्रत्येक घराला आपला आकडा पाठ असतो. पाठ नसते ती कामांची यादी.

यादी बहुतेकांकडे असते, पण ती असते कुठे? डायरीच्या मागच्या पानावर, व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी टाकलेल्या मेसेजात, नाहीतर फ्रिजवरच्या कागदावर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांनी एवढं शिकवलं की वेळ आल्यावर यादी लांब असून भागत नाही. त्या क्षणी, त्या माणसानं, त्या पातळीला काय करायचं तेवढंच समोर यायला हवं. ५० कामांच्या यादीत आत्ताची ७ शोधत बसणं म्हणजे यादी नसल्यातच जमा.

हे काम टिडलीविकी नावाच्या वहीत फार चांगलं होतं. लंडनच्या जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. ती फुकट आहे आणि आजही तिच्यावर काम चालू आहे. तिची खासियत अशी की सगळी वही म्हणजे एकच एचटीएमएल फाइल. त्यात तुमचा मजकूर असतो, शोधायची सोय असते आणि ती चालवणारा प्रोग्रामही असतो. ब्राउझर उघडला, फाइल उघडली, झालं. इंटरनेट लागत नाही. पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतात. अशा वेळी कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवलेली यादी कामाची नाही.

आता यादी लिहायला बसू. इथंच बहुतेकांचं पहिलं पाऊल वाकडं पडतं. वहीत ‘पूर’ नावाचं एक पान काढायचं आणि त्यात एकाखाली एक ५० ओळी लिहायच्या, हा कागदाचा सरळ मार्ग. पण चाळणी लावायची तर ती सुट्या वस्तूंनाच लागते. एका पानातल्या ५० ओळी टिडलीविकीच्या लेखी एकच वस्तू आहे. त्यातली एखादी ओळ तुम्हाला शोधता येईल, पण ‘फक्त माडीवर न्यायच्या वस्तू दाखव’ असं सांगता येणार नाही. म्हणून एका कामाला एक चिठ्ठी. टिडलीविकीची रचनाच अशा चिठ्ठ्यांची आहे, तिथं तिला टिडलर म्हणतात. प्रत्येक चिठ्ठीला नाव, मजकूर, हवे तितके टॅग आणि तुम्ही ठरवाल ती फील्ड म्हणजे माहितीचे रकाने असतात.

चिठ्ठीचं नाव ‘गॅस’ असं ठेवू नये. ‘गॅसची टाकी बंद करून माडीवर न्यायची’ असं पूर्ण ठेवावं, कारण यादीत दिसणार आहे ते नावच. बाकी तपशील मजकुरात लिहावा: पाना कुठं ठेवलाय, टाकी जड असेल तर कुणाला हाक मारायची. ‘इन्व्हर्टरची बॅटरी वर घ्यायची’, ‘सातबारा, रेशनकार्ड, पासबुकं प्लास्टिकच्या पिशवीत’, ‘बोअरची मोटर काढायची’, ‘म्हशी आणि वैरण पाहुण्यांकडे पोचवायची’, ‘आईच्या बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या’. पिण्याचं पाणी भरून ठेवण्याची चिठ्ठी विसरू नका. २०१९ मध्ये उपसा केंद्रंच पुरात बुडाली आणि चहूकडे पाणी असलेल्या शहरात नळ कोरडे पडले.

टॅग किती लावायचे? थोडे, पण ठरवून. एक टॅग सगळ्यांना समान, ‘पूर’. मग जागेचा: माडी, गोठा, दुकान, तळघर. मग करणाऱ्याचा: दादा, वहिनी, आजोबा. ‘महत्त्वाचं’ असा टॅग मात्र लावू नये, हे माझं पक्कं मत. आठवड्याभरात निम्म्या चिठ्ठ्यांवर तो चढतो आणि मग त्याला काही अर्थ उरत नाही. काम किती निकडीचं ते पाण्याची पातळी सांगते. तिच्यासाठी टॅग नको, ‘पातळी’ नावाचं फील्ड करा आणि त्यात आकडा घाला: पिण्याचं पाणी भरायला ३९, गाडी उंचावर लावायला ४०, मेन स्विच पाडून बाहेर पडायला ४३. हे माझे आकडे. तुमच्या उंबऱ्यापर्यंत पाणी कितीला येतं त्यावर तुमचे ठरतील.

आता फिल्टर, म्हणजे ती चाळणी. टिडलीविकीत तो एका ओळीत लिहितात आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती ओळ कंसांचं जंजाळ वाटते. उरलेल्या कामांचा फिल्टर साधारण असा दिसतो: [टॅग[पूर]!टॅग[झालं]]. यातला ‘टॅग’ हा शब्द प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांतच टंकायचा. ‘पूर’ आणि ‘झालं’ ही तुमची नावं, ती मराठीत चालतात. वाचायचं डावीकडून: पूर टॅगच्या सगळ्या चिठ्ठ्या घे, त्यातून झालं टॅगच्या वगळ. उद्गारचिन्ह म्हणजे ‘नाही’. एका बाहेरच्या कंसात जितक्या अटी जोडाल तितकी यादी आखूड होत जाते. आणखी एक टॅग जोडून त्यात ‘माडी’ घातलं की फक्त माडीवरची उरलेली कामं येतात.

कंस दोन प्रकारचे लागतात आणि त्यातला फरक एकदा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. चौकोनी कंसातलं जसंच्या तसं घेतलं जातं. महिरपी कंसात मात्र दुसऱ्या चिठ्ठीचं नाव असतं, आणि फिल्टर त्या चिठ्ठीत जाऊन तिथं काय लिहिलंय ते वाचतो. शोधाची चौकट याच युक्तीवर चालते. पानावर मजकूर टंकायची एक चौकट ठेवायची, तिच्यात टंकलेलं एका तात्पुरत्या चिठ्ठीत जातं आणि फिल्टर तिथून ते उचलतो. तुम्ही एकेक अक्षर टंकाल तशी खालची यादी आखूड होत जाते. या तात्पुरत्या चिठ्ठीचं नाव डॉलरचं चिन्ह, अपूर्णविराम, तिरकी रेघ, मग इंग्रजीत ‘टेम्प’ आणि पुन्हा तिरकी रेघ असं सुरू करावं. अशा नावाच्या चिठ्ठ्या वही सेव्ह करताना सोडून दिल्या जातात, म्हणून पुढच्या वेळी वही उघडली की चौकट कोरी मिळते.

एक सापळा सांगून ठेवतो. दोन अटी एकाच बाहेरच्या कंसात न घालता वेगवेगळ्या कंसांत लिहून मध्ये मोकळी जागा सोडली, तर ‘आणि’चं ‘किंवा’ होतं. मग ‘पूर टॅगच्या सगळ्या, शिवाय वहीतल्या झालं टॅग नसलेल्या सगळ्या’ असा अर्थ लागून कटाच्या आमटीच्या पाककृतीसुद्धा पुराच्या यादीत येऊन बसतात.

आता पातळी. चौकटीत आजचा आकडा घालायचा, समजा ४१, आणि ज्यांच्या ‘पातळी’ फील्डमध्ये ४१ किंवा त्याहून कमी आहे तेवढीच कामं दिसायला हवीत. टिडलीविकीच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये हे सोपं आहे: आधी टॅगनं चिठ्ठ्या गोळा करायच्या, मग दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक चिठ्ठीचं फील्ड वाचून चौकटीतल्या आकड्याशी तुलना करायची. पाणी चढेल तसा आकडा बदला, यादी आपोआप वाढते.

पण आकडे टंकायचे ते इंग्रजी अंकांतच. देवनागरी ३९ हा आकडा आहे हे तुलना करणाऱ्या त्या आज्ञेला कळत नाही. न कळणारा आकडा ती शून्य धरते. चिठ्ठ्यांमध्ये देवनागरी आकडे असतील तर सगळी कामं कायमच यादीत दिसत राहतील. वैताग येईल, पण कुणाचं नुकसान नाही. उलट झालं तर घात. चिठ्ठ्यांमध्ये इंग्रजी आकडे आहेत आणि घाईत मराठी कीबोर्डवरून चौकटीत ४१ टंकलं गेलं, तर फिल्टर शून्य किंवा त्याहून कमी पातळीची कामं शोधेल आणि यादी कोरी येईल. पाहणाऱ्याला वाटेल, चला, सगळं आवरलं.

कोऱ्या यादीचे नेहमीच दोन अर्थ होतात: काम संपलं, किंवा प्रश्न चुकला. म्हणून यादीच्या वर मोजणीची एक ओळ हवीच: या पातळीपर्यंतची एकूण कामं इतकी, झालेली इतकी, उरलेली इतकी. मोजायची सोय त्याच फिल्टरच्या शेवटी जोडता येते. ‘एकूण ०’ दिसलं की चूक लगेच कळते. यादी दाखवणाऱ्या आज्ञेत, काहीच सापडलं नाही तर कोणतं वाक्य दाखवायचं तेही लिहिता येतं. तिथं ‘आकडा इंग्रजीत घातलाय ना, तो बघा’ असं मी लिहून ठेवलंय.

टिकची चौकट प्रत्येक नावापुढे ठेवता येते. टिक केली की त्या चिठ्ठीला टॅग चिकटतो आणि ती उरलेल्यांच्या यादीतून तिथल्या तिथं निघून जाते. हे बघायला छान, पण ओल्या बोटानं चुकीच्या ओळीवर टिक पडली तर काय गेलं तेसुद्धा कळत नाही. उपाय सोपा आहे. टिक करताच चिठ्ठीवर बदलाची वेळ नोंदली जाते. खाली दुसरी छोटी यादी ठेवा: झालं टॅगच्या चिठ्ठ्या, शेवटी बदललेली आधी, फक्त ५. चुकून गेलेली तिथं सापडते, टिक काढली की वर परत येते.

टॅगचं नाव नुसतं ‘झालं’ ठेवण्यापेक्षा त्यात वर्ष घालावं, ‘झालं-२०२५’ असं. पुढच्या पावसाळ्यात फिल्टरमधलं वर्ष बदललं की सगळ्या चौकटी कोऱ्या, आणि गेल्या वर्षी कोणती कामं राहून गेली तेही वहीत शिल्लक.

शोधाबद्दल मराठी माणसाला थोडं वेगळं शिकावं लागतं. टिडलीविकीचा शोध नाव, टॅग आणि मजकूर या तिन्हींत बघतो, आणि दोन शब्द टंकले तर दोन्ही असलेल्या चिठ्ठ्या देतो, शब्दांचा क्रम कसाही असो. पण तो अक्षरं जुळवतो, व्याकरण जाणत नाही. ‘औषध’ टंकलं की औषधं, औषधांची, औषधाला सगळं सापडतं, कारण सुरुवातीची अक्षरं तीच राहतात. ‘गोळी’ टंकलं तर ‘गोळ्या’ सापडत नाहीत, ‘गोठा’ टंकलं तर ‘गोठ्यातली’ सापडत नाही. तोड अशी: शेवटचा स्वर सोडून टंकायचं. ‘गोळ’, ‘गोठ’. ‘दोरी’चं जरा नाजूक आहे. ‘दोऱ्या’मधला ऱ हा संगणकाच्या लेखी र पेक्षा वेगळा वर्ण आहे, म्हणून ‘दोर’ टंकूनही तो हुकतो. सरळ ‘दो’ टंकावं आणि दोनचार जादा चिठ्ठ्या सोसाव्यात. नाहीतर चिठ्ठीच्या मजकुरात शेवटी एक ओळ वाढवावी: दोरी, दोर, सुंभ, कासरा. आजोबा कासरा शोधतील आणि नातू रोप. दोघांनाही चिठ्ठी मिळायला हवी, तेव्हा रोपही लिहा.

हे सगळं जमल्यावर लक्षात येतं की वहीत कोणतीच यादी साठवलेली नसते. साठवलेल्या असतात चिठ्ठ्या, आणि दुसरीकडे प्रश्न. ‘वहिनींनी ४० फुटांपर्यंत काय करायचं’ हा एक फिल्टर, ‘गोठ्यातलं काय राहिलं’ हा दुसरा. म्हैस विकली तर एक चिठ्ठी काढून टाकायची, ती सगळ्या याद्यांतून एकदम जाते. फ्रिजवरच्या कागदावर आणि फॅमिली ग्रुपवर अशी दुरुस्ती कुणी करत नाही.

वही सेव्ह करणं हा मात्र हिचा खरोखरचा कच्चा दुवा आहे. ब्राउझर सुरक्षेपायी मूळ फाइलवर लिहू देत नाही. साध्या ब्राउझरात सेव्ह दाबलं की डाउनलोडमध्ये नवी प्रत पडते, आणि दोन दिवसांत एकाच वहीच्या अर्धा डझन प्रती होतात. अँड्रॉइड फोनवर टिडलॉइड हे ॲप आणि संगणकावर टिडलीडेस्कटॉप वापरलं तर तीच फाइल बदलते. घरातल्या चौघांना वही पाठवली की चार वेगळ्या वह्या झाल्या हेही ध्यानात ठेवावं. दादानं केलेली टिक वहिनींच्या फोनवर उमटत नाही. म्हणून टिक एकाच फोनवर करायची, बाकीच्यांनी प्रत फक्त वाचायची आणि काम झालं की त्या एकाला ओरडून सांगायचं. टिक करायला शक्यतो माडीवर बसणारं, पॉवर बँक हाताशी असलेलं माणूस नेमावं. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, वीज असताना, ४३ फुटांपर्यंतची पूर्ण यादी एकदा कागदावर छापून घ्यावी.