समूहछायाचित्र आणि त्याबाहेरचे : बंगळूर येथील संशोधक-विद्यार्थ्यांच्या अभिलेखांविषयी

विद्यार्थिजीवनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती बहुधा प्रथम येते ते समूहछायाचित्र. पुढील खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे उभ्या विद्यार्थ्यांच्या ओळी, पुठ्ठ्यावर आद्याक्षरे, आडनावे आणि वर्ष, अशी त्याची ठरलेली रचना असते. अशा चित्रात उभी असलेली व्यक्ती त्या संस्थेत होती एवढे निर्विवादपणे सिद्ध होते; ती कोणत्या अटींवर होती, हे मात्र चित्र सांगत नाही. किंबहुना सर्वांना एकाच ओळीत उभे करून ते हा प्रश्नच पुसून टाकते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन विद्यार्थिनींची उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून १९०९ साली स्थापन झालेल्या आणि जुन्या पिढीत ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत अध्यापनास १९११ मध्ये प्रारंभ झाला. तिच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत नारायणराव आणि माधवराव भागवत हे रसायनशास्त्रज्ञ बंधू होते. नारायणरावांची कन्या आणि दुर्गाबाई भागवत यांची धाकटी भगिनी कमला १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. होऊन त्याच संस्थेत प्रवेश मागू लागली. सी. व्ही. रामन त्याच वर्षी संचालकपदी आले होते. अर्जदार स्त्री आहे, या कारणास्तव त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई मुंबईहून बंगळूरला गेल्या आणि त्यांनी समक्ष जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला तो सशर्त. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणना नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंतही, काम करावे. आणि प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू देऊ नये. या शेवटच्या अटीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

हा वृत्तांत कमलाबाईंनी उत्तरायुष्यात स्वतः कथन केल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचला. दीर्घ काळानंतरच्या आठवणीला स्मरणाच्या मर्यादा असतात हे खरेच. पण म्हणून छायाचित्र अधिक विश्वसनीय ठरत नाही. त्या काळातील समूहछायाचित्र दिवसाच्या उजेडात, इमारतीसमोर, सर्वांना स्थिर उभे करून घेतले जाई. रात्रीची प्रयोगशाळा त्यात येणे शक्यच नव्हते. आणि अट तर रात्रीच्या कामाची होती.

नावांचा प्रश्नही तितकाच अवघड आहे. बंगळूरमध्ये त्या ‘भागवत’ होत्या. १९४७ मधील विवाहानंतर ‘सोहोनी’ झाल्या, आणि पुढील कीर्ती याच नावाशी जोडली गेली. सूचीकाराने मूळ आडनावाची नोंद केली नसेल, तर ‘सोहोनी’ या नावाने शोधणाऱ्यास त्यांचे विद्यार्थिदशेतील चित्र सापडणार नाही. उलट, चित्राखाली केवळ ‘भागवत’ एवढेच असेल, तर वडील, काका आणि कन्या या तिघांपैकी कोण, हे वर्ष आणि विभाग पाहूनच ठरवावे लागेल. मराठी कुटुंबांच्या जुन्या अल्बमांची अशा वेळी मोठी मदत होऊ शकते. पुठ्ठ्याच्या मागे घरच्या माणसाने शाईने लिहिलेले नाव कित्येकदा संस्थेच्या सूचीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

पदवीच्या बाबतीत अभिलेख आणखी विखुरतो. १९५८ मध्ये विद्यापीठसम दर्जा मिळेपर्यंत या संस्थेतील संशोधकांच्या विद्यापीठीय पदव्या अन्य विद्यापीठांकडून येत. एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले ते बंगळूरला, एम.एस्सी. मिळाली ती १९३६ मध्ये मुंबई विद्यापीठाची. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम-सी या घटकावरील संशोधनासाठी १९३९ साली त्यांना पीएच.डी. प्राप्त झाली. त्यांचे विद्यार्थिजीवन अभ्यासायचे तर एका अभिलेखागारात भागत नाही.

ॲना मणी यांच्या बाबतीत ही विखुरलेली व्यवस्था थेट अन्यायकारक ठरली. १९४० मध्ये त्या रामन यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या आणि हिरा व माणिक यांच्या वर्णपटांवर त्यांनी काम केले. तेथे स्त्री-पुरुष संशोधकांनी एकमेकांत मिसळू नये असा दंडक होता. १९४५ साली त्यांनी मद्रास विद्यापीठाला प्रबंध सादर केला, परंतु एम.एस्सी. नाही या कारणाने पीएच.डी. नाकारण्यात आली. त्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या, हवामानविषयक उपकरणांकडे वळल्या आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. आभा सूर यांनी रामन यांच्या प्रयोगशाळेतील स्त्रियांविषयीच्या आपल्या अभ्यासात नोंदविल्याप्रमाणे, त्यांचा प्रबंध बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात इतर प्रबंधांसारखाच बांधून ठेवलेला आहे. त्यावर पदवी मिळाली नाही, हे त्या बांधणीकडे पाहून कळत नाही.