बोगोटातली भरली भाकरी

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला चौथ्या दिवशी भाकरी आठवते, असे आमचे एक प्राध्यापकमित्र म्हणतात. मला ती तिसऱ्याच दिवशी आठवली, आणि मौज अशी की, त्याच दिवशी भेटलीही!

भाचा नोकरीनिमित्त कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटाला असतो. सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो. सुमारे 2600 मीटर उंचीवरचे हे शहर. भर मे महिन्यात अंगात स्वेटर. पावसाने गाठले म्हणून आम्ही बोळातल्या एका दुकानात शिरलो. दुकान कसले, खोकेच ते! चार स्टुले, एक लोखंडी तवा, आणि तव्यामागे पन्नाशीच्या एक बाई. पांढऱ्या पिठाचा गोळा त्या दोन्ही तळव्यांत थापत होत्या. तो थपथप आवाज ऐकला आणि मला आमच्या आजीची चूल आठवली.

ही मक्याची भाकरी म्हणजे 'आरेपा'. तळहाताएवढी, बोटभर जाड. दोन्ही अंगांनी खरपूस झाली की पोटाशी चिरायची आणि आत सारण कोंबायचे. काळा घेवडा नि पांढरे चीज भरले की ती 'डॉमिनो'; त्या खेळातल्या सोंगट्यांसारखी काळीपांढरी. आम्ही मागवली 'रेइना पेपियादा'. कोंबडी, आव्होकॅडो आणि मेयॉनेझ यांचे गारेगार सारण गरम भाकरीत! व्हेनेझुएलाची सुसाना दुइम 1955 साली जगत्सुंदरी झाली, तेव्हा काराकासच्या अल्वारेस बंधूंनी तिच्या गौरवार्थ ही काढली. 'पेपियादा' म्हणजे बांधेसूद. आपल्याकडे सुंदऱ्यांच्या वाट्याला साबणाच्या जाहिराती येतात. भाकरी कुणाच्या नशिबी आली नाही.

आरेपा मूळची कुणाची, यावर कोलंबिया आणि व्हेनेझुएला यांचे भांडण आहे. खरे तर स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच तिथले मूळ रहिवासी ती थापत होते.

बाई व्हेनेझुएलाच्या. भाचा दुभाष्या झाला. पूर्वी मका उखळात कांडायचा, शिजवायचा, वाटायचा. 1960 साली शिजवलेल्या मक्याचे तयार पीठ पुड्यांत मिळू लागले आणि बायकांचे हात सुटले. पुढे 2016 च्या सुमारास त्याच पिठासाठी तासन्‌तास रांगा लागल्या. देश सोडून गेलेल्यांचा आकडा 70 लाखांवर गेला आहे. बाई 2018 साली आल्या. तिकडे त्या शाळेत इतिहास शिकवीत. शेवटी शेवटी महिन्याचा पगार पिठाच्या दोन पुड्यांतच संपे.

मीही मास्तरच. काय बोलावे, सुचेना. मी नुसता हात पुढे केला. बाईंनी हसून त्यावर एक गोळा ठेवला. मी थापला; कडेला भेगा पडल्या. त्यांनी बोटे पाण्यात बुडवून दाखवली : पाणी कमी! आजी हेच म्हणायची. भेगाळलेली ती भाकरी त्यांनी तरीही तव्यावर टाकली, आणि ती मलाच खावी लागली.