मोकळ्या सायलेन्सरची किंमत

जुन्या गाडीचा पिकअप कमी झाला, चढावर ती दमायला लागली, की गॅरेजमध्ये एक सोपा उपाय पुष्कळदा सुचवला जातो. सायलेन्सरच्या पाइपमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे बोलण्यातला ‘कॅट’, काढून टाकायचा आणि त्या जागी सरळ पाइप जोडायचा. गाडी डिझेलची असेल तर जळलेला थोडा वायू परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हच्या तोंडाशी पत्र्याची चकती बसवून तो बंद करायचा. ‘गाडी मोकळी होते,’ असे त्याचे कारण सांगतात. ते पटतेही, कारण धुराच्या वाटेत अडथळा असेल तर इंजिनाला जास्त जोर लावावा लागणार हे कोणालाही समजते. पण हा समज ज्या काळात काही अंशी खरा होता, तो काळ जेमतेम चार-पाच वर्षांचा आणि अमेरिकेतला होता. तो उलटून पन्नास वर्षे झाली. आज रस्त्यावर असलेल्या जुन्या गाडीतून ही उपकरणे काढली, तर मालकाच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही आणि आसपासच्या माणसांच्या फुप्फुसांवरचा भार मात्र अनेक पटींनी वाढतो. असे का होते, हे समजून घ्यायला इंजिनाच्या पोटात डोकवावे लागेल.

पेट्रोल पूर्ण जळाले, तर त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच निघायला हवे. त्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. पण सिलिंडरमध्ये ठिणगी पडल्यापासून जळण संपेपर्यंत सेकंदाचे काही सहस्रांशच हाताशी असतात. तेवढ्यात भिंतीलगतचे आणि फटींमधले इंधन अर्धेकच्चे राहते. त्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. हवा थोडी वाढवून ज्वाला जास्त तापवली की हे दोन्ही घटतात. पण मग हवेतलाच एरवी निरुपद्रवी असणारा नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. तापमान चढते तशी ती फार झपाट्याने वाढतात. म्हणजे एक दोष दाबला की दुसरा डोके वर काढतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून प्राणवायूची जागा अडवतो. नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकेचा दाह करतो. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे उन्हात एकत्र आली की जमिनीलगत ओझोन तयार होतो, शिवाय नायट्रेटचे सूक्ष्म कणही बनतात. या पेचातून नुसते स्क्रू फिरवून सुटका होत नाही. इंजिनाबाहेर आणखी कोणीतरी काम करावे लागते.

लॉस एंजेलिसवर दाटणाऱ्या पिवळट धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आणि तेलशुद्धीकरणाच्या वाफांत आहे, हे कॅल्टेकमधील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. १९७० च्या अमेरिकी ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ने नव्या मोटारींच्या उत्सर्जनात ९० टक्के कपात मागितली. त्या वेळी कंपन्यांकडे तयार उपकरण नव्हते. म्हणून त्यांनी इंजिनालाच मुरड घातली. कॉम्प्रेशन उतरवले, ठिणगी उशिरा पाडली, जळलेला वायू परत आत सोडणाऱ्या ईजीआरच्या प्राथमिक आवृत्त्या बसवल्या. १९७३-७४ च्या त्या गाड्या खरोखरच सुस्त होत्या, अडखळत होत्या आणि पेट्रोल भरपूर पीत होत्या. त्यातल्या काही नळ्या काढून बूच मारले, तर गाडी सुधारल्याचा अनुभव मालकांना येई. आजच्या समजाचा उगम तिथे आहे. पण १९७५ च्या मॉडेलांपासून कॅट आला आणि चित्र पालटले. धुराची सफाई आता पाइपमध्ये होत असल्यामुळे अभियंत्यांना ठिणगीची वेळ पुन्हा इंजिनाच्या सोयीने लावता आली. नव्या अमेरिकी गाड्यांचे अ‍ॅव्हरेज त्याच वर्षी सुधारले. ज्या उपकरणावर इंजिनाचा दम कोंडल्याचा ठपका ठेवला जातो, त्यानेच इंजिनाला मोकळा श्वास दिला होता.

कॅट म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे असलेली चिनीमातीची वीट. तिच्या छिद्रांना प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. धातू असतात काही ग्रॅमच, पण पृष्ठभाग अफाट असतो. तापलेल्या कॅटमध्ये तिन्ही दूषित वायूंचा ९० टक्क्यांहून अधिक भाग निरुपद्रवी होतो. अट एकच असते, हवा आणि इंधनाचे प्रमाण १४.७ च्या अगदी आसपास राहिले पाहिजे. हा समतोल साधण्यासाठी धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर आला. व्होल्वोने तो कॅलिफोर्नियात १९७७ च्या मॉडेलमध्ये दिला. तेव्हापासून इंजिनाचा संगणक या आकड्याभोवती इंधन सतत थोडे कमी, थोडे जास्त करत असतो. हा मुद्दा निर्णायक आहे. सर्वांत जास्त ताकद हवी असेल तर मिश्रण याहून घट्ट लागते, आणि सर्वांत जास्त अ‍ॅव्हरेज हवे असेल तर याहून पातळ. १४.७ वर टिकून राहण्याचे पथ्य संगणक पाळतो ते कॅटसाठी. कॅट काढला तरी पथ्य सुरूच राहते. म्हणून कॅट काढलेली गाडी कॅटच्या आधीच्या जमान्यातली दमदार गाडी बनत नाही. धडधाकट कॅटचा अडथळा जाणवतो तो थ्रॉटल पूर्ण दाबून वरच्या आरपीएमला, तोही किंचित. सिग्नल ते सिग्नल धावणाऱ्या गाडीला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग कॅट काढल्यावर गाडी पळायला लागली, असे सांगणारे मेकॅनिक खोटे बोलतात का? मुळीच नाही. त्यांनी काढलेला कॅट बहुधा चोक झालेला असतो, आणि चोक झालेला कॅट खरोखरच इंजिनाचा गळा आवळतो. पण कॅट आपण होऊन क्वचितच चोक होतो. प्लग किंवा कॉइल खराब होऊन मिसफायर होऊ लागला, की न जळालेले पेट्रोल कॅटमध्ये जाऊन तिथे पेटते आणि आतली वीट वितळते. रिंगा झिजून इंजिन ऑइल जाळू लागले, तर ऑइलमधले फॉस्फरस धातूच्या थरावर चढते. सेन्सर मंदावला तर मिश्रण सतत घट्ट राहते. पूर्वी शिसेयुक्त पेट्रोलही हेच करत असे. त्याच्या काही टाक्यांमध्ये कॅट निकामी होई. म्हणूनच अमेरिकेत कॅटच्या गाड्यांना पेट्रोल भरण्याचे तोंड अरुंद ठेवले होते, आणि स्वस्त शिसेयुक्त पेट्रोलसाठी ते तोंड रुंद करून घेणारे लोकही होते. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅट सक्तीचा झाला. त्यासोबत शिसेविरहित पेट्रोल आले आणि २००० सालच्या सुरुवातीला शिसे देशभरातून हद्दपार झाले. तात्पर्य असे, की चोक झालेला कॅट हे इंजिनाच्या दुसऱ्या कुठल्या तरी दुखण्याचे लक्षण आहे. तो काढला की लक्षण नाहीसे होते, दुखणे तसेच राहते. मिसफायर पेट्रोल वाया घालवत राहतो आणि ते कळवणारा शेवटचा इशाराही उरत नाही.

डिझेल गाडीच्या ईजीआरबाबत प्रकरण अधिक फसवे आहे. ईजीआर थोडा जळलेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडतो. त्यामुळे ज्वालेचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे घटतात. मात्र प्राणवायू कमी पडल्याने काजळी थोडी वाढते. ईजीआर बंद केला की नेमके उलटे घडते. काळा धूर कमी होतो, इनटेकमध्ये काजळी साठत नाही, आणि मालकाला वाटते की गाडी अधिक स्वच्छ झाली. नायट्रिक ऑक्साइडला मात्र रंग नसतो. ते वाढल्याचे डोळ्यांना कळत नाही. आपल्या पीयूसी केंद्रावरही ते कळत नाही, कारण तिथे डिझेल गाडीच्या धुराची फक्त दाटी मोजतात. पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, तेही उभ्या गाडीचे. नायट्रोजनची ऑक्साइडे दोन्हीकडे मोजली जात नाहीत, आणि ती सर्वाधिक तयार होतात ती भार ओढताना. म्हणून ‘पीयूसी तर पास झाली’ हा बचाव टिकत नाही. ईजीआर बंद केलेली डिझेल गाडी त्या चाचणीत आधीपेक्षा चांगला आकडाही दाखवू शकते.

‘माझ्या एका जुन्या गाडीने असा काय फरक पडणार?’ हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, आणि त्याला साधे गणित उत्तर देते. कॅट शंभरातले ९५ भाग अडवतो असे धरू. म्हणजे पाच बाहेर येतात. कॅट काढला की शंभरच्या शंभर बाहेर, म्हणजे २० पट. आता एका वसाहतीत १०० सारख्या गाड्या आहेत असे समजा. सगळ्यांचे कॅट शाबूत असतील तर एकूण ५०० भाग बाहेर पडतील. त्यांतल्या फक्त पाचांनी कॅट काढला, तर ९५ गाड्यांचे ४७५ आणि या पाचांचे ५००, मिळून ९७५. पाच गाड्यांनी सगळ्या वसाहतीचे प्रदूषण जवळजवळ दुप्पट केले. हे नुसते कागदी गणित नाही. डेन्व्हर विद्यापीठातील डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रस्त्यावर अवरक्त किरण सोडून धावत्या गाड्यांचा धूर मोजला. सुमारे दहा टक्के गाड्या निम्मा कार्बन मोनॉक्साइड ओकतात, असे त्यांना वारंवार आढळले. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांमधली उपकरणे दहा वर्षांत काढली गेल्याचा अंदाज दिला. हवेवर त्याचा होणारा परिणाम ९० लाखांहून अधिक धडधाकट पिकअप नव्याने रस्त्यावर आणण्याइतका होता.

आणखी दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की कॅट शेवटी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइडच करतो, मग हवामानाचे काय भले झाले? खरे आहे, कॅट हवामानबदलावरचे औषध नाहीच. पण बाहेर सोडलेला कार्बन मोनॉक्साइडही वातावरणात काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत, कार्बन डायऑक्साइडच होतो. फरक एवढाच, की दरम्यान तो कोणाच्या तरी श्वासात जातो. दुसरा आक्षेप असा, की कारखाने, बांधकामाची धूळ आणि कचरा जाळणे यांचा वाटा मोठा असताना गाड्यांच्या मागे का लागायचे? शहराच्या एकूण हिशेबात या स्रोतांचा वाटा मोठा असू शकतो. पण कारखान्याचे धुराडे उंच असते आणि गाडीचा पाइप जमिनीपासून वीतभर अंतरावर. तिचा धूर बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या, वाहतूक पोलिसाच्या आणि शाळेतून चालत येणाऱ्या मुलाच्या नाकापर्यंत विरळ न होता पोहोचतो.

सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. त्याला उपदेश करून उत्तर देता येणार नाही. या धातूंच्या किमतीमुळे नवा कॅट महाग पडतो. २०२१ मध्ये ऱ्होडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेले होते. त्याच सुमारास महाराष्ट्रातही इको गाड्यांचे सायलेन्सर या धातूंसाठी चोरीला जाऊ लागले. पंधरा वर्षांच्या गाडीवर पोट असलेल्या माणसाला एवढा खर्च झेपत नाही, आणि सरळ पाइप स्वस्तात मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण जे चाचणीत दिसतच नाही, त्याला दंड करणार कोण? म्हणून उपाय दोन्ही बाजूंनी हवेत. अमेरिकेत कॅटवर आठ वर्षे किंवा ८० हजार मैलांची हमी कायद्यानेच बंधनकारक आहे. तशी दीर्घ हमी इथेही असावी. जुन्या कॅटमधल्या धातूंचे रीतसर पैसे मालकाला मिळाले, तर नव्याचा भार हलका होईल. धावत्या गाड्यांचा धूर रस्त्यावरच मोजला, तर थोड्याच गाड्या सापडतील आणि मदत किंवा कारवाई नेमकी त्यांच्यापर्यंत पोहोचवता येईल.

तोवर पहिला निर्णय गॅरेजमध्येच होणार आहे. सायलेन्सर खाली उतरवला, आतली वीट काळवंडलेली किंवा वितळलेली दिसली, तर ती फेकण्याआधी मालकाने मेकॅनिकला विचारावे : हा चोक कशामुळे झाला? त्या उत्तरात बहुधा एखादा प्लग, कॉइल किंवा सेन्सर निघेल. हरवलेला पिकअपही तिथेच सापडेल, आणि पुढच्या सिग्नलला त्या गाडीमागे स्कूटरवर थांबलेल्या माणसाला सुखाने श्वास घेता येईल.