होडी घरातून जाते त्या गावात

चीनमधल्या चौच्वांग गावी चांग घराण्याच्या वाड्यात मागच्या बाजूला गेलात, की खिडकीतून खाली अंगण नव्हे, पाणी दिसते. एक ओढा चक्क वाड्याच्या पोटातून वाहतो. मध्ये एके ठिकाणी तो मुद्दाम चौकोनी रुंद केला आहे. कशासाठी? होडीला तोंड फिरवता यावे म्हणून! पाहुणा पालखीतून पुढच्या दाराने यायचा आणि माल होडीतून थेट घरात. मिंग राजवटीत बांधलेल्या या वाड्यात होडी उभी करायची सोय होती, म्हणजे आपण आज ज्याला पार्किंग म्हणतो ती.

असे गाव वसले कसे, हे समजायला जमीन पाहावी लागते. जमीन म्हणजे खरे तर चिखलच. चौच्वांग शांघाय आणि सूचौ या शहरांच्या मधे, यांगत्सेच्या त्रिभुज प्रदेशात आहे. जवळचे ताईहू सरोवर 2,000 चौरस किलोमीटरहून मोठे, पण सरासरी खोली जेमतेम 2 मीटर, पुरुषभर म्हणा ना. इथल्या शेतकऱ्यांनी दलदलीत चर खणले आणि निघालेला गाळ दोन्ही बाजूंना टाकून बांध घातले. बांधाआड भाताला कोरडी जमीन मिळाली, शेतातले जादा पाणी काढायला वाट झाली, आणि तो चर होडीचा रस्ता बनला. तांदूळ, विटा, रेशीम, वऱ्हाड, सगळे पाण्यावरून. म्हणूनच घराघरामागे पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत आणि काठाच्या भिंतींत दोर ओवायला भोके पाडलेले कोरीव दगड. ते दगड सहज नजरेतून सुटतात, मुद्दाम शोधा.

पण खरे नवल पुलांचे. चिखलावर जड दगडी पूल बांधला तर तो आपल्याच भाराने खचणार. इथल्या गवंड्यांनी आधी चिखलात लाकडी खांब ठोकून पाया धरला आणि वर शक्य तितकी बारीक कमान उभारली. लांब वक्र दगड आणि त्यांना आडवे धरणारे दगड अशा रचनेमुळे पाया थोडा इकडेतिकडे झाला, तरी कमान ते सामावून घेते. शांघायजवळच्या चूचियाच्याओ गावातला पाच कमानींचा पूल सुमारे 70 मीटर लांब आहे. 1571 साली एका बौद्ध भिक्षूने वर्गणी जमवून तो उभारला. 19व्या शतकाच्या सुरुवातीला तो पुन्हा बांधला गेला. पूल इतके उंच का? खालून लादलेली होडी जायला हवी. वर पायऱ्या का? चाकांची गाडी येणारच नव्हती!

होडीत बसलात तर देखाव्याआधी वल्हवणाऱ्या बाईचे हात पाहा. कालवा इतका अरुंद की दोन्ही बाजूंना वल्ही पसरायला जागाच नाही. म्हणून होडीच्या मागे एकच लांब, किंचित बाकदार वल्हे. ते एका खुंटीवर टेकलेले असते आणि त्याचे वरचे टोक दोरीने होडीच्या फळीला बांधलेले. बाई ते ओढते नि ढकलते. प्रत्येक वेळी पाते थोडे कलते आणि माशाच्या शेपटीसारखे पाणी कापत होडीला पुढे रेटते. दोन्ही फेऱ्यांत जोर पुढेच लागतो, पाते पाण्याबाहेर येतच नाही. एवढीशी खुंटी आणि एक दोरी, यात काय डोके चालवले आहे!

हे सगळे टिकले ते गैरसोयीमुळे. चौच्वांगभोवती चहूकडे पाणी; 1980च्या दशकातही तिथे जायला होडीच लागे. धड रस्ता नाही, म्हणून कारखानेही फिरकले नाहीत. 1984 साली चित्रकार छन यीफेई यांनी तिथल्या जोडपुलाचे चित्र काढले. काटकोनात जुळलेले हे दोन पूल; एकाची कमान गोल, दुसऱ्याचे तोंड चौकोनी. अमेरिकी उद्योगपती आर्मंड हॅमर यांनी ते चित्र विकत घेऊन चीनचे तेव्हाचे नेते तंग श्यावफिंग यांना भेट दिले, आणि गावाचे नाव जगभर झाले. त्याच दशकात नगररचनेचे प्राध्यापक र्वान यीसान जुनी गावे पाडू नका म्हणून अधिकाऱ्यांच्या मागे लागले होते. गाव वाचले, पण गर्दी आली. आता गल्लोगल्ली दुकाने आहेत. दुपारी जाऊ नका, रात्री मुक्काम करा आणि पहाटे फिरा, एवढेच सांगेन.

आणि सवड असेल तर हूचौ शहराजवळची मासळीची तळी पाहा. तळ्याच्या बांधावर तुती, तुतीच्या पानांवर रेशीमकिडे, किड्यांची विष्ठा तळ्यातल्या माशांना, आणि तळ्याचा गाळ खत म्हणून पुन्हा तुतीला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2017 साली या पद्धतीला जागतिक कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. फोटोत ही तळी काही खास दिसत नाहीत. पण गावातल्या त्या श्रीमंत वाड्यांचा पैसा कुठल्या चिखलातून आला, ते इथेच कळते.