अस्थिभग्न : रुग्णालयापूर्वी आणि रुग्णालयात

जालना औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळया तयार करणाऱ्या रोलिंग मिल आहेत, बियाण्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने आहेत. यंत्रात हात सापडणे, अवजड वस्तू पायावर पडणे, उंचावरून कोसळणे असे अपघात अशा ठिकाणी नेहमीच संभवतात. जखमी कामगार पुष्कळदा प्रथम जवळच्या वैद्याकडे किंवा औषधालयात येतो. म्हणून पहिल्या काही तासांत काय करावे आणि पुढे रुग्णालयात काय घडते, हे आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

शास्त्रदृष्टी

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १५ व्या अध्यायात संधिमुक्ताचे ६ व कांडभग्नाचे १२ प्रकार वर्णिले असून, चिकित्सास्थानाच्या ३ ऱ्या अध्यायात आंछन, पीडन, संक्षेप व बंधन हे उपक्रम सांगितले आहेत. बंध शिथिल असल्यास संधीला स्थैर्य येत नाही आणि अतिगाढ असल्यास शोथ, वेदना व पाक उत्पन्न होतो, हा त्यांचा इशारा आजही तितकाच महत्त्वाचा आहे. आवळलेल्या बंधामुळे रक्तपुरवठा खंडित होऊन हात कायमचा आखडतो, हे जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णिले. बांबूच्या कामट्या घट्ट बांधून घेतलेल्या रुग्णांत हीच आपत्ती ओढवते.

प्रथमोपचार

रक्तस्राव होत असल्यास स्वच्छ कापडाने थेट दाब द्यावा. अंगठ्या, कडी, घड्याळ तत्काळ काढावे. सूज वाढल्यावर ती निघत नाहीत. अवयव आहे त्याच स्थितीत, वरचा व खालचा सांधा स्थिर राहील असा आधार द्यावा आणि बोटे उघडी ठेवावीत. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. अभ्यंग, मर्दन, ओढाताण व उघड्या जखमेवर लेप सर्वथा वर्ज्य. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने चहा, अन्न किंवा काढा देऊ नये. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. बोटाला बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे.

रुग्णालयात काय अपेक्षावे

तेथे प्रथम हाडाकडे नव्हे, तर श्वास व रक्ताभिसरणाकडे पाहिले जाते. मांडीचे हाड मोडल्यास एक लिटरहून अधिक रक्त आतल्या आत साचू शकते, हे त्याचे एक कारण. नंतर नाडी व संवेदना तपासून दोन दिशांनी क्ष-किरण चित्रे घेतात. सव्रण भग्नात प्रतिजैविक शक्यतो पहिल्या तासात, तसेच धनुर्वाताची लस देऊन जखम शस्त्रक्रियागृहात धुतात. निखळलेला सांधा लवकर बसवला जातो. सूज असताना पूर्ण प्लास्टर न घालता बहुधा अर्धे प्लास्टर घालतात आणि काही शस्त्रक्रिया सूज ओसरेपर्यंत पुढे ढकलतात. नातेवाइकांना हा विलंब हलगर्जीपणा वाटतो. तो उपचाराचाच भाग आहे, हे आपण समजावून सांगावे. गुंतागुंतीच्या रुग्णास सुमारे ६० किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला हलवावे लागू शकते.

धोक्याची चिन्हे

प्लास्टरनंतर वेदना शमण्याऐवजी वाढणे, बोटे हलवून पाहताच असह्य कळ येणे, बधिरता, बोटे फिकट वा गार पडणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णास त्वरित परत पाठवावे. स्नायूंतील हा दाब साधारणतः ६ तासांच्या आत मोकळा न केल्यास हानी कायमची होते. अशा वेळी औषधविक्रेत्याने वेदनाशामक गोळी देऊन रुग्णास घरी धाडणे घातक ठरते.

रुग्ण घेत असलेल्या औषधांची, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या औषधांची, तसेच आपण दिलेल्या आयुर्वेदीय औषधांची लेखी नोंद त्याच्यासोबत द्यावी. लाक्षादि गुग्गुळादी कल्प, पथ्याहार व सांध्यांच्या हालचाली यांचे स्थान त्यानंतरच्या काळात आहे; तेही अस्थिशल्यविशारदाशी विचारविनिमय करूनच. योग्य वेळी योग्य हाती रुग्ण सोपवणे हीदेखील चिकित्साच होय.