अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस चालू ठेवावा का?

आमच्या शेजारच्या काकांचा अ‍ॅम्प्लिफायर सहा वर्षांत बंद झालेला नव्हता. गाणी सकाळी तासभर आणि संध्याकाळी दोन तास, पण समोरचा हिरवा दिवा चोवीस तास सुरू. "चालू-बंद केल्यानेच मशीन जाते," हे काकांचे ठाम मत. काकूंचे मत विजेच्या बिलावर आधारलेले. मागच्या मे महिन्यात एका दुपारी शोकेसमधून जळका वास आला, उजवा स्पीकर मुका झाला आणि हा घरगुती वाद माझ्याकडे आला.

काकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. नागपूरला आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले तेव्हा घरोघरचे रेडिओ व्हॉल्व्हचे होते. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. थंड तंतूतून सुरुवातीला जास्त करंट वाहतो, त्यामुळे चालू करतानाचा क्षण व्हॉल्व्हसाठी खरोखर धोक्याचा असे. त्याच दशकात अमेरिकेत बनलेल्या एनियाक या संगणकात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. ते तापताना आणि निवतानाच जास्त जात, म्हणून तो शक्यतो बंदच करत नसत. काकांच्या वडिलांकडे व्हॉल्व्हचा रेडिओ होता. सवय तिथून आली असावी.

आजचा अ‍ॅम्प्लिफायर मात्र ट्रान्झिस्टरचा किंवा आयसीचा असतो. चालू करताना ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर क्षणभर जास्त करंट ओढतात हे खरे, पण दिवसातून एक-दोनदा चालू-बंद होणार हे बनवताना गृहीत धरलेले असते. दर दहा मिनिटांनी चालू-बंद करणे वाईट, कारण तापण्या-निवण्याने सोल्डरचे जोड फैलावतात, आकसतात आणि कालांतराने तडकतात. रोज एकदा बंद केल्याने तसे काही बिघडत नाही.

त्याचे आयुष्य बहुतेक वेळा ठरवतो तो कंडेन्सर. दुरुस्तीवाल्यांनी काकांचा डबा उघडला तेव्हा आतले दोन मोठे कंडेन्सर डोक्यावर फुगलेले होते आणि एक आउटपुट ट्रान्झिस्टर जळलेला होता. या कंडेन्सरच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू वाळतो. त्याच्या अंगावर कमाल तापमान छापलेले असते, ८५ अंश किंवा १०५ अंश. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट आणि चढले की निम्मे. १०५ अंशांवर २ हजार तास टिकणारा कंडेन्सर ६५ अंशांवर ३२ हजार तास जाईल. दिवसाला तीन तास वापर धरला तर ही २९ वर्षे होतात. चोवीस तास चालू ठेवला तर साडेतीन वर्षांपेक्षा थोडी जास्त. हे आकडे कंडेन्सरवर पूर्ण भार धरून काढलेले असतात. घरात तेवढा भार नसतो, म्हणून काकांचा सहा वर्षे टिकला. पण दोन आकड्यांमधले अंतर खरेच आहे.

आता यात नागपूरचा उन्हाळा मिसळा. २०१३ च्या मे महिन्यात इथला पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. पुण्यात हॉल ३० अंशांवर असताना आपल्याकडे तो ४० वर असू शकतो, म्हणजे त्याच कंडेन्सरचे आयुष्य आपल्या घरात निम्मे. वर शोकेसची काच लावलेली, अ‍ॅम्प्लिफायरवर डिशचा डबा आणि डब्यावर क्रोशाचा रुमाल. जाळीतून वर जाणारी गरम हवा जागीच कोंडते. कूलरची हवा थंड असली तरी ओलसर आणि धुळीची असते. ती धूळ हीट सिंकवर बसते आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. कूलरच्या थेट झोतात अ‍ॅम्प्लिफायर ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

विजेचा हिशेब सोपा आहे. साधा एबी वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर गाणे नसतानाही २० ते ५० वॅट खातो. ४० वॅट धरा. रोजचे २१ रिकामे तास म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला तीन हजार, आणि हे युनिट आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे महाग टप्प्यात पडतात. शौकिनांचा ए वर्गाचा अ‍ॅम्प्लिफायर तर शांत बसला असतानाही शंभर-दोनशे वॅट जाळू शकतो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण शंभर वॅट उष्णता बाहेर टाकते. मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती निवत नाहीत, तेव्हा झोपायच्या खोलीत असा जास्तीचा पाहुणा कशाला?

डी वर्गाच्या नव्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट वेगळी. ते रिकामे असताना काही वॅटच घेतात आणि अनेक आपोआप स्टँडबायवर जातात. युरोपीय संघाने २०१३ पासून स्टँडबायची मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली, त्यामुळे जगभरची यंत्रे सुधारली. बिलाच्या दृष्टीने अशा यंत्राची चिंता नको.

पण लाईनची चिंता करायलाच हवी. रिमोटने बंद केलेला अ‍ॅम्प्लिफायर आतून लाईनला जोडलेलाच असतो. अवकाळीच्या वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली तर २३० व्होल्टच्या जागी घरात ४०० च्या जवळपास व्होल्ट येऊ शकतात. गेलेली लाईन परत येते तेव्हाही झटका बसतो. म्हणून भिंतीवरचे बटण बंद हवे, आणि विजा कडाडत असतील तर प्लगही काढलेला बरा. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर थेट डीसी करंट स्पीकरमध्ये जातो आणि कॉइल जळते. काकांच्या डब्यातल्या संरक्षक रिलेने वेळीच जोड तोडला, म्हणून स्पीकर वाचला. जुन्या डब्यांत हा रिले नसतोही. घरात कोणी नसताना असे घडले तर काय, हा काकूंचा प्रश्न बिलापेक्षा मोठा होता.

आवाजाचे काय? तापल्यावर अ‍ॅम्प्लिफायर अधिक चांगला वाजतो, असे शौकीन म्हणतात. ट्रान्झिस्टरचा बायस स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांचा. चहा ठेवताना चालू केला तरी पुरते.

उलट टोकही बरे नाही. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या डब्यात पावसाळ्याची ओल साचते, म्हणून आठवड्यातून तासभर वाजवावा. वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर थेट प्लगला लावू नये. दुरुस्तीवाले शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून तो तपासतात, तसा आधी तपासून घ्यावा. चालू करताना अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी, म्हणजे स्पीकरला धाडकन धक्का बसत नाही.

काकांचे कंडेन्सर बदलून झाले, या वेळी १०५ अंशांचे. शोकेसची मागची फळी काढली. प्लगचे बटण शोकेसच्या मागे होते, हात पोचतच नव्हता. वायरमन बोलावून ते दाराजवळ आणले आहे. रात्री झोपताना ते काकू बंद करतात.